जपानमध्ये छंद, खेळ, भटकंती: खिशाला परवडणारं काय आणि त्यातल्या खाचाखोचा

खाडीपलीकडचा:
टोकियोत आलेल्या आपल्या लोकांचा एक समज पक्का असतो: इथे मोकळा वेळ महाग. खासगी जिमची वर्गणी महिन्याला आठ-दहा हजार येन, टेनिसचा क्लास त्याच्या वर, गोल्फचं तर नावच काढू नका. मग शनिवार-रविवार मॉल, नाहीतर कुणाच्या तरी घरी बटाटेवडे आणि मॅच.

माझं म्हणणं असं की वॉर्ड ऑफिसच्या, म्हणजे कुयाकुशोच्या सोयी धड वापरल्या तर महिन्याला माणशी पाच हजार येनही लागत नाहीत. पण माहिती जपानीत, नोंदणी वेगळी, सोडत वेगळी, म्हणून आपण तिकडे फिरकतच नाही.

तर जाणकारांनी लिहा. निशी कासाई, ओजिमा, ग्योतोकु, योकोहामा, कुठलंही चालेल. "मस्त आहे, जरूर जा" असं मोघम नको. किती पैसे, काय न्यायचं, कुठे फसतं, तेवढं सांगा. जपानी तोडकंमोडकं येणाऱ्यांना जमेल असंच असावं.

शटलकॉक:
ताइइकुकानपासून, म्हणजे वॉर्डाच्या व्यायामशाळेपासून सुरुवात करा. निशी कासाईकरांना एदोगावा वॉर्डाचं स्पोर्ट्स सेंटर स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. अशा सेंटरांत एका वेळचे काही शे येन. मशिनवर तिकीट काढायचं की आत.

बॅडमिंटन आणि टेबल टेनिसला दोन वाटा आहेत आणि लोक नेमका इथेच घोळ घालतात.

पहिली वाट कोजिन काइहो, काही ठिकाणी इप्पान कोकाई म्हणतात. ठरावीक वारी, ठरावीक वेळी हॉल सगळ्यांना खुला. एकटे गेलात तरी चालतं. गर्दी असली की पंधरा मिनिटांनी किंवा एका गेमनंतर कोर्ट सोडायचं आणि पुन्हा रांगेत उभं राहायचं. वेळापत्रक महिन्याचं असतं, स्पर्धा असली की वेळ रद्द होते. मागच्या महिन्यात काढलेल्या फोटोवर विसंबून जाऊ नका.

दुसरी वाट दांताई तोरोकु, गटाची नोंदणी. पूर्ण कोर्ट आपल्या नावावर हवं असेल तर ही लागते. किमान संख्या वॉर्डागणिक वेगळी. बहुतेक ठिकाणी गटातले निम्म्याहून जास्त लोक त्या वॉर्डात राहणारे किंवा काम करणारे हवेत आणि त्याचा पुरावा हवा. मग ऑनलाइन सोडत, बऱ्याच ठिकाणी एक-दोन महिने आधी. नंबर लागला तरी मुदतीत "पक्कं" केलं नाही तर कोर्ट गेलं. बुक करून न जाण्याची सवय असेल तर काही वॉर्ड सरळ बुकिंग बंद करतात.

हॉलसाठी बूट वेगळे. रस्त्यावरून घालून आलेले, तळ पुसून घेतलेले, असले काही चालत नाही. पिशवीतून आणायचे, आत घालायचे. काळा तळ फरशीवर डाग पाडतो म्हणून फिका किंवा "डाग न पडणारा" लिहिलेला तळ बघून घ्या.

खवचट:
म्हणजे कोर्ट मिळवणं हा मुख्य खेळ आणि बॅडमिंटन हा जोडधंदा.

शेवंती:
शटलकॉक, शटलच्या डब्यावर ३, ४, ५ असे आकडे असतात ते काय? दुकानात स्वस्त मिळतंय म्हणून ३ नंबरचे घेतले तर जानेवारीत चालतील का?

शटलकॉक:
नाही चालणार. पिसांच्या शटलवरचा आकडा तापमानाचा आहे. योनेक्सच्या हिशेबाने ३ नंबर साधारण २२ ते २८ अंशांसाठी, ४ नंबर १७ ते २३, ५ नंबर १२ ते १८. थंड हवा दाट असते, शटल लवकर अडतं, म्हणून हिवाळ्यात वेगवान म्हणजे मोठ्या आकड्याचं लागतं. ३ नंबरचं जानेवारीत मारलं तर बेसलाइनच्या मीटरभर आधीच पडेल आणि माणूस उगाच खांदा दुखवून घेईल. म्हणून ते स्वस्तात काढतात! नवशिक्यांनी आधी नायलॉनचं घ्यावं. पिसांची शटलं एका संध्याकाळी दोन-तीन तरी फुटतात.

आणखी एक. उन्हाळ्यात बॅडमिंटनच्या वेळी खिडक्या-दारं बंद करतात, वाऱ्याने शटल हलतं म्हणून. एसी असला तरी कधी कधी मंद ठेवतात. दीड लिटर पाणी बरोबर असू द्या.

मुगाचे_लाडू:
पोहण्याचं मी लिहिते, कारण पहिल्याच दिवशी परत पाठवलं गेल्याच्या तक्रारी याच खात्यात जास्त.

टोपी सक्तीची. टक्कल असलं तरी. दागिने उतरवायचे: कानातलं, बांगड्या, मंगळसूत्र, घड्याळ, सगळं. बोटातून न निघणारी अंगठी असेल तर आधी सांगा, बऱ्याच ठिकाणी वर चिकटपट्टी गुंडाळून आत सोडतात. सुती टीशर्ट घालून पाण्यात नाही, पोहण्याच्या कापडाचा लांब बाह्यांचा रॅशगार्ड मात्र बहुतेक ठिकाणी चालतो. पायघोळ पोहण्याचे कपडेही. ज्या बायका कपड्यांमुळे जायचं टाळतात त्यांनी हे लक्षात घ्यावं. टॅटू झाकायचा. मेकअप, तेल, सनस्क्रीन धुऊन यायचं. डोक्याला खोबरेल लावून गेलात तर लाइफगार्ड हसत हसत शॉवरकडे बोट दाखवतो.

डायपरमधल्या बाळांना बहुतेक सरकारी तलावांत प्रवेश नाही, "पोहण्याचा डायपर" असला तरीही. लहान मुलांमागे मोठं माणूस किती हवं याचाही नियम असतो, दोन मुलांना एकच पालक पुरतो की नाही ते आधी विचारा. दर तासाला पाच-दहा मिनिटं शिट्टी वाजते आणि सगळे बाहेर. घाबरू नका, विश्रांतीची वेळ असते.

लेनवर पाटी वाचा. चालायची लेन वेगळी, संथ पोहण्याची वेगळी, न थांबता पोहण्याची वेगळी. तिसऱ्या लेनमध्ये भिंतीला टेकून गप्पा मारल्या की मागे सत्तरीच्या आजी खोळंबतात, आणि त्या आजींचा वेग आपल्याहून जास्त असतो.

निवांत:
टक्कल असलं तरी टोपी! हे वाचून आमचे एक गृहस्थ खचले.

सायकलवाला_कासाई:
सायकलवर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. निशी कासाईच्या पश्चिमेला आराकावा नदी आहे आणि तिच्या काठाने समुद्रापासून वर साइतामापर्यंत जवळजवळ सलग रस्ता जातो. गाड्या नाहीत, सिग्नल नाहीत. फुकट.

वारा बघून निघा. हिवाळ्यात वारा वायव्येकडून येतो. वर जाताना छातीवर, परतताना पाठीवर. हा सुखाचा हिशेब. उन्हाळ्यात दुपारी समुद्राकडून दक्षिणेचा वारा सुटतो, म्हणजे जाताना माणूस हवेत असतो आणि ४० किलोमीटरवर पोचल्यावर कळतं की आता सगळं अंतर वाऱ्याच्या तोंडावर परतायचंय. उन्हाळ्यात पहाटे निघून दहाच्या आत घरी.

कागदपत्रं: सायकल घेतली की बोहान तोरोकु, चोरीविरोधी नोंदणी. टोकियोत ६६० येन. दुकानदारच करून देतो, रेसिडन्स कार्ड न्या. मित्राची जुनी सायकल घेतलीत तर त्याने आपली नोंदणी रद्द करायची, तुम्हाला हस्तांतराची चिठ्ठी द्यायची, मग तुमच्या नावावर नवी. भारतात परतणारे लोक सायकल "घे रे, तुला ठेव" म्हणून देऊन विमानात बसतात आणि मागे राहिलेल्याला पोलिस रात्री अडवून नंबर तपासतात, तेव्हा भलत्याचंच नाव निघतं. चिठ्ठी घ्या. सायकलचा विमा टोकियोत एप्रिल २०२० पासून सक्तीचा आहे. घराच्या किंवा क्रेडिट कार्डाच्या विम्यात तो आधीच असू शकतो, दुबार घेऊ नका.

१ एप्रिल २०२६ पासून सोळा आणि त्यापुढच्या वयाच्या सायकलस्वारांना निळी चिठ्ठी, म्हणजे जागेवरच दंडाची पावती हातात. हातात फोन धरून चालवली १२,००० येन, सिग्नल तोडला ६,०००, छत्री धरून चालवली ५,०००, दोघांनी शेजारी-शेजारी चालवली ३,०००. दारू पिऊन चालवणं यात बसत नाही, तो थेट फौजदारी मामला. हेल्मेट अजून "प्रयत्न करावा" या सदरात आहे, पण घाला.

तात्या_योकोहामा:
सायकलवाले भाऊ, आराकावा ठीक आहे हो, पण दर आठवड्याला तोच पूल, तीच बेसबॉलची मैदानं. कंटाळा येतो. सायकल ट्रेनमध्ये घालून लांब न्या. त्याला रिंको म्हणतात, जास्तीचं तिकीट लागत नाही.

अट एकच, सायकल सुटी करून किंवा दुमडून पूर्ण पिशवीत. सीट बाहेर डोकावतेय, चाक उघडं आहे, असं जेआर रेल्वेला चालत नाही. लांबी-रुंदी-उंचीची बेरीज २५० सेंटीमीटरच्या आत, वजन ३० किलोच्या आत.

कृती अशी. मागचा गिअर सगळ्यात छोट्या चकतीवर आणा, म्हणजे चेन सैल पडते आणि चाक सहज निघतं. दोन्ही चाकं काढा. मागचं चाक बसतं त्या फटीत धातूचा आधार, एंड कानागु, बसवा, नाहीतर सायकल उभी करताना सगळं वजन डिरेलरवर, म्हणजे गिअर बदलणाऱ्या भागावर येतं आणि त्याला धरणारा हँगर वाकतो. फ्रेमच्या दोन्ही बाजूंना एकेक चाक, तीन पट्ट्यांनी आवळून बांधा. डिस्क ब्रेक असेल तर पॅडमध्ये प्लास्टिकची चकती घाला. चाक नसताना चुकून ब्रेकचा लिव्हर दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि मग डोंगराच्या पायथ्याशी स्क्रूड्रायव्हर शोधत बसा. पहिल्या किंवा शेवटच्या डब्यात टोकाला, भिंतीला टेकवून उभी करा आणि पट्ट्याने बांधा. सकाळी आठच्या गर्दीत हे करू नये, एवढं ज्ञान सगळ्यांना असेलच.

सायकलवाला_कासाई:
तात्या, नवशिक्याला पहिल्याच महिन्यात डिरेलर उघडायला लावू नका. शिमानामी काइदोला, म्हणजे बेटांवरून पुलांनी जाणाऱ्या सायकलच्या वाटेला, भाड्याची सायकल मिळते. ओनोमिची ते इमाबारी साधारण ७० किलोमीटर, रस्त्यावर निळी रेघ, चुकायची सोयच नाही. एका ठाण्यावर घेऊन दुसऱ्या ठाण्यावर देता येते. पुलांवर चढायचे रस्ते सायकलसाठी वेगळे आणि हलक्या चढाचे आहेत. ज्याला हे आवडलं तोच पुढे रिंकोची पिशवी घेईल.

तात्या_योकोहामा:
मान्य. पण टोकियोपासून ओनोमिचीच्या शिंकान्सेनच्या तिकिटात आमच्याकडे एक बरी जुनी सायकल येते. धागा "परवडणारं" असा आहे.

खवचट:
तात्या १, सायकलवाले १. पुढचा सामना पिशवीत भरून आणावा.

निवांत:
सायकल ठेवायचं काय? कासाई स्टेशनपाशी रस्त्यावर लावली तर उचलतात म्हणे.

सायकलवाला_कासाई:
उचलतात, आणि सोडवायला तीन ते पाच हजार येन, वॉर्डाप्रमाणे. कासाई स्टेशनखाली तर ९,४०० सायकलींचं भूमिगत पार्किंग आहे! त्यातल्या ६,४८० जागा यंत्राच्या. दारात सायकल उभी करायची, ते तिला जमिनीखाली ओढून घेतं, कार्ड दाखवलं की काही सेकंदांत परत. पाहुणे आले की कासाईकर त्यांना हे दाखवायला नेतात, देऊळ नंतर.

रानवाट:
सह्याद्रीत भटकलेल्यांसाठी डोंगरांचं लिहितो. पायात ताकद असतेच, चुकतं ते वेळेचं गणित.

ताकाओ, ५९९ मीटर. शिंजुकूहून केइओ लाइनने तासाभराच्या आत. १ नंबरची वाट जवळजवळ सगळी फरसबंद, बाबागाडीवाले आणि उंच टाचांचे बूटही दिसतात. ६ नंबरची ओढ्याकाठून, दगडांवरून, पावसानंतर निसरडी. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रविवारी तिथे दादरचा पूल असतो.

त्यापेक्षा जिंबा ते ताकाओ करा. ताकाओ स्टेशनच्या उत्तर दारातून जिंबा कोगेन शिताची बस, मग जिंबा (८५५ मीटर), कागेनोबु, ताकाओ, सहा-सात तास. उलट्या दिशेने करू नका, कारण जिंबाकडच्या परतीच्या बस मोजक्या, आणि ताकाओच्या पायथ्याला स्टेशनला लागूनच गरम पाण्याचं स्नानगृह आहे. मधे बाहेर पडायच्या वाटा आहेत, कंटाळलात तर उतरा.

नकाशावर किलोमीटर बघू नका. इथल्या डोंगरी नकाशांवर आणि यामाप, यामारेको या ॲपवर प्रत्येक टप्प्याची मिनिटं लिहिलेली असतात, त्यात विश्रांती धरलेली नसते. बेरीज करा, वर एक चतुर्थांश मिळवा. डिसेंबरात साडेचारला सूर्य मावळतो आणि देवदाराच्या रानात चारलाच अंधारून येतं. टॉर्च कपाळाचा, फोनचा नव्हे.

हिवाळ्यातला चिखल हे आपल्याला न सुचणारं प्रकरण. रात्री माती गोठून बर्फाच्या काड्या वर येतात, सकाळी त्यावर कुरकुर चालता येतं. दहानंतर ते वितळतं आणि घोटाभर रेंदा होतो. बस-ट्रेनमध्ये बसायच्या आधी बूट धुवायचे नळ आणि ब्रश ताकाओला आहेत. वापरा.

तांझावाच्या डोंगरांत एप्रिल ते नोव्हेंबर जळवा. आपल्याकडच्यासारख्याच. मोज्यांवर दाट मिठाचं पाणी फवारा, पावसात दर तासाने पुन्हा. ओकुतामा आणि तांझावात अस्वलं आहेत, घंटा लावा, पहाटे आणि तिन्हीसांजेला रानात नको, आणि ॲपवरून तोझान तोदोके भरा, म्हणजे तुमची वाट आणि परतीची वेळ कुणाकडे तरी नोंदलेली राहते.

शेवंती:
आणि फुजी?

रानवाट:
फुजीला आता उठलं आणि गेलं असं नाही. २०२५ च्या हंगामापासून चारही वाटांवर ४,००० येन. दुपारी दोन ते पहाटे तीन, वरच्या झोपडीचं बुकिंग नसेल तर सोडत नाहीत. योशिदा वाटेवर दिवसाला ४,००० माणसांची मर्यादाही आहे. यामानाशीची बाजू १ जुलैला उघडते, शिझुओकाची १० जुलैला, दोन्हीकडे १० सप्टेंबरपर्यंत.

झोपडी घ्या, उशिरा नको. उंची ३,७७६ मीटर, माथ्यावर पहाटे ऑगस्टातही पाच अंशांच्या आसपास आणि वारा. रात्रीत धावत चढून धावत उतरणाऱ्यांची डोकी दुखतात ती उंचीमुळे, "पाणी कमी प्यायलो" म्हणून नव्हे. नव्या लोकांनी जूनमध्ये एखादा दोन हजार मीटरचा डोंगर आधी करून बघावा.

नदीकाठ:
क्रिकेटशिवाय धागा संपवताय की काय?

आधी ठिकाण. तोचिगीतल्या सानोत २०१८ पासून खरंखुरं आंतरराष्ट्रीय मैदान आहे, बंद पडलेल्या तानुमा हायस्कूलच्या जागेवर. जपान क्रिकेट असोसिएशनही सानोतच. लीग खेळायची तर तिकडे चौकशी करा. बाकी टोकियोभर खेळतात ते नदीकाठच्या मैदानांवर, आणि तिथे अडचणी मातीत नसून अर्जात असतात.

मैदान बेसबॉलसाठी असतं. "बेसबॉल" म्हणून घेऊन क्रिकेट खेळलात आणि कुणी तक्रार केली तर पूर्ण गटाची नोंदणी धोक्यात. अर्जातच स्पष्ट विचारा: क्रिकेट चालेल का, मॅट अंथरायची का, मॅटला खिळे ठोकायचे का. नदीपात्रात काहीही कायमचं ठेवता येत नाही, मॅट दर वेळी गुंडाळून परत.

चेंडू: टणक चेंडूला बहुतेक मैदानांवर मनाई. टेनिस बॉलला टेप चालते, पण टेपचे तुकडे वेचून न्या. आणखी एक पर्याय, जपानी नानशिकी, म्हणजे रबरी चेंडूच्या बेसबॉलचा एम चेंडू. व्यास सुमारे ७२ मिलिमीटर, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूएवढाच. वजन १३८ ग्रॅमच्या आसपास, आपल्या १५६ ते १६३ पेक्षा कमी. आत पोकळ रबर, म्हणून उसळी जास्त. आखूड टप्पा टाकला की थेट यष्टीरक्षकाच्या डोक्यावरून. सरावाला उत्तम, आणि "आम्ही नानशिकी चेंडूच वापरतो" म्हटलं की काउंटरवरची व्यक्ती निश्चिंत.

वरच्या भागात मुसळधार झाली की इकडे ऊन असूनही मैदान बंद. उन्हाळ्यात उष्णतेचा निर्देशांक, डब्ल्यूबीजीटी, ३१ च्या वर गेला की व्यायाम थांबवा अशी इथली मार्गदर्शक रेघ आहे, जुलै-ऑगस्टात दुपारी हा आकडा सहज ओलांडतो. सकाळी सातचं मैदान मागा.

चार किंवा जास्त जणांचा गट असेल तर स्पोर्ट्स आनझेन होकेन, म्हणजे खेळातल्या अपघातांचा विमा काढा. वर्ष एप्रिल ते मार्च. फेब्रुवारीत काढून "वर्षभर झालं" असं समजू नका.

निवांत:
पार्कात मुलांना घेऊन बॅट-बॉल?

नदीकाठ:
पाटी बघा. बहुतेक छोट्या पार्कांत बॅट चालत नाही. मऊ स्पंजचा चेंडू आणि प्लास्टिकची बॅट कुठे कुठे चालवून घेतात.

कढीपत्ता:
खेळ झाले, आता माती. वॉर्डाची भाड्याची शेती, कुमिन नोएन किंवा शिमिन नोएन. दहा-वीस चौरस मीटरचा तुकडा, हिवाळ्यात अर्ज, सोडत, वसंतात ताबा. अट साधारण अशी: झाड लावायचं नाही, छप्पर घालायचं नाही, महिनोनमहिने तण माजू द्यायचं नाही. सुट्टीला महिनाभर भारतात जाणार असाल तर शेजारच्या तुकड्यातल्या आजोबांशी आधीच मैत्री करा. जुलैत आठ दिवस पाणी नसलं की संपलं.

भेंडी इथेही ओकुरा म्हणून मिळते, बी कुठल्याही बागकामाच्या दुकानात. गोल्डन वीक, म्हणजे मेच्या सुरुवातीच्या सुट्ट्या संपल्यावर, मेच्या मध्यावर पेरा. एप्रिलमध्ये घाई केली तर थंड मातीत बी कुजतं. रात्रभर भिजवा, एका खड्ड्यात चार बिया, खड्ड्यांत तीस सेंटीमीटर अंतर. इथले लोक विरळणी न करता तीन-चार रोपं एकत्रच वाढवतात. झाडं एकमेकांना दाबतात, शेंग सावकाश वाढते, कोवळी राहते. फूल पडल्यावर चार-पाच दिवसांत, सात-आठ सेंटीमीटरची तोडा. आठवड्याने गेलात तर दोरखंड मिळेल.

मेथी सप्टेंबरात. मसाल्याच्या पाकिटातली मेथी बहुधा उगवते, वाटीभर आधी ओल्या फडक्यात घालून बघा. धणे पेरायच्या आधी फोडून दोन करा.

आणि हात जोडून विनंती: घरून बिया, रोपं, ताजी पानं सामानात दडवून आणू नका. बियांनाही भारतातलं फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र लागतं. ताजा कढीपत्ता तर आणताच येत नाही, लिंबूवर्गीय झाडांच्या ग्रीनिंग रोगामुळे. कुंडीतलं रोप इथेच विकत घ्या आणि किमान तापमान दहाच्या खाली जायला लागलं की घरात खिडकीशी.

खवचट:
सदस्यनामाला जागलात.

मुगाचे_लाडू:
उन्हाळ्यात एक फुकट प्रकार राहिला: बोन ओदोरी. जुलै-ऑगस्टात गल्लीच्या मंडळाचा, चोनाइकाइचा नाच. काही दिवस आधी सराव असतो, कुणीही जावं. मधोमध मचाण, वर ढोल, भोवती वर्तुळ. आतल्या वर्तुळात नऊवारीच्या नेटकेपणाने युकाता, म्हणजे उन्हाळी सुती किमोनो नेसलेल्या जाणत्या बायका असतात, नजर त्यांच्या हातांवर ठेवायची आणि स्वतः बाहेरच्या वर्तुळात राहायचं.

सगळ्यात सोपा नाच कोळशाच्या खाणीचा. दोनदा खणा, दोनदा फावडं खांद्यावरून मागे टाका, मागे वळून कपाळाशी हात धरून बघा, दोन पावलं गाडी ढकला, हात उघडा, टाळ्या. दोन फेऱ्यांत बसतो. गरबा येणाऱ्यांचं एकच चुकतं, वेग. इथे सगळं निम्म्या लयीत.

शेवंती:
मला भरतनाट्यम येतं. घरीच मुलांचे वर्ग घेऊन थोडी फी घेतली तर? छंदच आहे.

तात्या_योकोहामा:
शेवंतीताई, फी घेतली की तो छंद राहत नाही, इमिग्रेशनच्या लेखी काम होतं. डिपेंडंट व्हिसावर असाल तर आठवड्याला २८ तासांची सर्वसाधारण परवानगी असते ती कुणाकडे नोकरी करण्यासाठी, जिथे तास मोजता येतात. स्वतःचे वर्ग म्हणजे वेगळा, स्वतंत्र अर्ज. नोकरीच्या व्हिसावर असाल तरी शिकाकुगाइ, म्हणजे व्हिसात न बसणाऱ्या कामाची परवानगी आधी, वर्ग नंतर. फुकट शिकवायला हरकत नाही. शिवाय वॉर्डाचे हॉल फी घेणाऱ्या वर्गांना वेगळ्या दराने देतात किंवा देतच नाहीत.

सायकलवाला_कासाई:
बर्फात घसरायचं असेल त्यांच्यासाठी: जेआर टोकियो वाइड पास इथे राहणाऱ्या परदेशी पासपोर्टवाल्यांनाही मिळतो, फक्त पर्यटकांना नाही. (ज्याला नुसतं जेआर पास म्हणतात तो मात्र आपल्याला नाही.) सलग तीन दिवस, आणि हंगामात गाला युझावा स्टेशनपर्यंत शिंकान्सेन त्यात येते. स्टेशनातूनच लिफ्ट, कपडे-स्की-बूट भाड्याने. हातमोजे आणि टोपी सहसा भाड्यात नसतात, विकत घ्यावे लागतात. घरून न्या. आणि पहिल्या दिवशी पहिला तास धडा घ्या, नाहीतर थांबायचं कसं हे कळायच्या आधी उतार संपतो, किंवा नाही संपत.

खाडीपलीकडचा:
भरभरून लिहिलंत, आभार. पण मूळ मुद्द्यावर येतो. वॉर्डाच्या सोयी कुठल्या वॉर्डात घ्यायच्या? राहायला एदोगावात, ऑफिस चुओ वॉर्डात. चुओतली कोर्टं ऑफिसजवळ पडतात.

शटलकॉक:
दोन्हीकडे नोंदवा! अटीत झाइजू, झाइकिन, झाइगाकु लिहिलेलं असतं: राहणारे, काम करणारे, शिकणारे. म्हणजे दोन वॉर्डांच्या सोडती. ऑफिसमधल्यांचा गट चुओत, शेजाऱ्यांचा एदोगावात. कोजिन काइहोला बहुतेक ठिकाणी बाहेरच्या वॉर्डातल्यांनाही घेतात, दर क्वचित जास्त.

खाडीपलीकडचा:
पुरावा म्हणून कंपनीचं ओळखपत्र चालेल?

शटलकॉक:
त्यावर ऑफिसचा पत्ता छापलेला असेल तर. नुसतं नाव, फोटो आणि कंपनीचा लोगो असेल तर परत पाठवतात. एचआरकडून झाइशोकु शोमेइशो, नोकरीचा दाखला मागा. त्यात कामाच्या जागेचा पत्ता लिहायला सांगा, मुख्य कार्यालयाचा नको. मुख्य कार्यालय मिनातो वॉर्डात आणि तुम्ही बसता चुओत, असं असेल तर काउंटर मिनातोचा पत्ता वाचून तुम्हाला तिकडेच पाठवेल.